तबकडी, डीजे आणि शाहिराचे नाव

‘डीजे’ हा शब्द आता मराठी झाला आहे, हे मान्य करायला कोणाची हरकत नसावी. मात्र मराठीत येताना त्याने आपला अर्थ पार बदलून घेतला. मूळ इंग्रजी शब्द माणसाचा आहे. तबकड्यांवर मांड ठोकणारा तो ‘डिस्क जॉकी’. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे. टेम्पोवर रचलेली कर्ण्यांची भिंत, तिच्या मागे धडधडणारा जनरेटर, वर फिरणारे दिवे, या साऱ्या पसाऱ्याला मिळून आपण डीजे म्हणतो. ‘लग्नात डीजे आहे का?’, ‘डीजे कितीला ठरला?’, ‘पोलिसांनी डीजे बंद केला’ या वाक्यांतला डीजे हे यंत्र आहे. ते चालवतो तो ‘डीजेवाला’. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे याच भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली काढलेली कंपनी प्रसिद्धीस आली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करणाऱ्या तंत्रामुळे. अनाठायी आवाज घटवणाऱ्या माणसाचे नाव आपण सर्वांत मोठ्या आवाजाला बहाल केले. भाषा असे विनोद करते आणि तिला कोणी जाब विचारत नाही.

तर या शब्दातून आधी ‘जॉकी’, म्हणजे माणूस, निघून गेला. आता ‘डिस्क’, म्हणजे तबकडीही, गेली आहे. हे दुसरे जाणे सर्वांना इतके स्वाभाविक वाटते की त्यावर लिहावे असे कोणाला वाटत नाही. डीजेवाल्याने आजच्या काळात सीडी बाळगण्यात काही अर्थ आहे का, असा प्रश्न कोणी केला तर तो हसण्यावारी नेला जाईल. मला मात्र तो विचारण्याजोगा वाटतो. आणि वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तर तो अवश्य विचारावा, असे वाटते. कारण या प्रश्नाच्या तळाशी यंत्रापेक्षा गाण्याचा प्रश्न आहे, आणि गाण्यापेक्षाही ते गाणे कोणाचे, हा प्रश्न आहे.

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावाचे उदाहरण समोर ठेवू. अशा गावात एप्रिल महिना उजाडला की चौदा तारखेच्या जयंतीची तयारी सुरू होते. तिला लागूनच लग्नसराई येते. पुढे गणपती, दुर्गोत्सव आणि अधूनमधून निवडणुकांचे विजयोत्सव. या सगळ्यांना डीजे लागतो. तो पुरवणारी मुले बहुधा विशी-पंचविशीतली असतात. कोणी कर्ज काढून, कोणी शेतीच्या उत्पन्नातून ‘बेस’ आणि ‘टॉप’ विकत घेतलेले असतात. अशी मुले आमच्या वर्गांतही असतात. पहिल्या तासाला ती डोळे चोळत बसतात, कारण रात्री वरात असते. त्यांच्यातल्या एकाला मी एकदा सहज विचारले, ‘तुझ्याकडे सीडी आहेत का रे?’ तो म्हणाला, ‘सर, काकांच्या काळातलं एक खोकं आहे माळ्यावर. पण लावायचं कशात?’

‘लावायचं कशात?’ हे त्याचे उत्तर बिनतोड आहे. त्याचा मान ठेवूनच पुढचे लिहितो.

गावातल्या वाजत्या गाण्याचा इतिहास शब्दांतूनच सांगता येतो. आमच्या आधीच्या पिढीसाठी लग्नात ‘रेकॉर्ड लावत’. मंडप-डेकोरेशनवाल्याकडे चावीचा किंवा बॅटरीवरचा ग्रामोफोन असे आणि झाडाच्या फांदीला भोंगा टांगलेला असे. मग कॅसेट आली. फिलिप्सने १९६३ साली बाजारात आणलेली ही छोटी फीत आपल्याकडे ऐंशीच्या दशकात फोफावली. रेकॉर्डचा धंदा मोठ्या कंपन्यांच्या हाती होता; कॅसेट मात्र थोड्या भांडवलात निघत असे. त्यामुळे ज्या गाण्यांना ग्रामोफोन कंपन्यांनी दारात उभे केले नव्हते, ती लोकगीते, भीमगीते, पोवाडे, गवळणी, कव्वाल्या यांची एकाएकी बाजारपेठ तयार झाली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांसाठी एका घरात आणि भीमगीतांसाठी शेजारच्या घरात वाजू लागला, तो या कॅसेटमुळेच. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने भारतातल्या या कॅसेट-संस्कृतीवर १९९३ साली इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला.

त्यानंतर सीडी आली. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून घडवलेली ही बारा सेंटिमीटर व्यासाची तबकडी १९८२ साली जपानात विक्रीला आली. गावापर्यंत पोहोचायला तिला आणखी वीस वर्षे लागली. ती पोहोचली तीही दोन रूपांत. एक कंपनीने छापलेली, वेष्टनासह. दुसरी कोरी सीडी आणून संगणकावर ‘मारलेली’. मोझर बेअर या भारतीय कंपनीने कोऱ्या तबकड्या घरोघर पोहोचवल्या आणि पुढे व्हीसीडी २८ रुपयांना विकून बाजार हलवून सोडला. त्याच कंपनीच्या अवसायनाचा आदेश २०१८ साली निघाला. तबकडीचा काळ किती झपाट्याने आला आणि गेला, हे समजायला एवढी एक गोष्ट पुरे.

आता धंद्याच्या अंगाने पाहू. डीजेवाल्याला सीडीचा आज उपयोग आहे काय? माझे स्पष्ट उत्तर असे की वाजवण्यापुरता नाही.

सीडी वाचते ती लेझरचा बारीक किरण. टेम्पो खडबडीत रस्त्यावरून जात असेल आणि त्याच टेम्पोवर ‘बेस’ धडकत असतील, तर तो किरण आपल्या रेषेवर टिकणे अवघड. चांगल्या यंत्रांत धक्के पचवण्यासाठी थोडी स्मृती राखून ठेवलेली असते. पण तिलाही मर्यादा आहे. वर आपल्याकडची धूळ. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जाणारा परभणीचा पारा. वरातीत नवरदेवाच्या मित्रांनी ऐन वेळी केलेली फर्माईश मोबाइलवरून मिनिटभरात मिळते, ती खोक्यातल्या सीडीत असेलच असे नाही. एका सीडीवर जास्तीत जास्त ऐंशी मिनिटांचे संगीत मावते. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह खिशात घातला तर चांगल्या प्रतीची पाचेक हजार गाणी त्यात सहज बसतात. यंत्रे बनवणाऱ्यांनीही हा निकाल मान्य केला आहे. पायोनियर कंपनीने १९९४ साली डीजेंसाठी खास सीडीवादक काढला, २००१ च्या ‘सीडीजे-१०००’ने जगभरच्या रंगमंचांवर रेकॉर्डची जागा घेतली, २००९ च्या ‘सीडीजे-२०००’मध्ये सीडीच्या जोडीला पेनड्राइव्हची सोय आली, आणि २०२० च्या ‘सीडीजे-३०००’मध्ये सीडीची खाचच उरली नाही. नावात मात्र ‘सीडी’ अजून आहे! आपल्या मराठी ‘डीजे’सारखेच त्याचेही झाले.

सीडीचे कैवारी यावर आवाजाच्या प्रतीचा मुद्दा काढतात. तो खोटा नाही. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज सोळा बिटांत लिहिलेला असतो. मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा त्याला लागते. एमपी३ मध्ये, १२८ किलोबिटांच्या प्रतीत, तोच आवाज मिनिटाला एक एमबीत कोंबला जातो. असे करताना वरच्या पट्टीतले बरेच काही गाळले जाते. हलगीचा कडकडाट, मंजिरीचा झंकार, संभळाच्या चामड्यावरचा काडीचा टोला यांचे टोक बोथट होते. त्यात आपल्याकडे एक गाणे व्हिडिओवरून उतरवायचे, त्याची पुन्हा एमपी३ करायची, ती कोणी मोबाइलवरून पाठवायची, तिच्यावर पुन्हा मिश्रण करायचे, असा पिढीजात प्रवास चालतो. प्रत्येक पिढीत थोडे रक्त जाते. पण नीट केलेली, ३२० किलोबिटांची प्रत असेल, तर उघड्या मैदानावर, जनरेटरच्या धडधडीत, नाचणाऱ्या गर्दीत सीडीचा आवाज वेगळा ओळखून दाखवणारे कान विरळा. शिवाय मूळ प्रत न गाळता पेनड्राइव्हवर ठेवण्याची सोयही आज आहेच. तेव्हा ‘सीडीसारखा आवाज नाही’ हा युक्तिवाद घरी आरामखुर्चीत ठीक. झरीच्या वरातीत तो टिकत नाही.

मग प्रश्न संपला का? माझ्या मते तो येथे सुरू होतो.

तबकडीला आवाजाखेरीज आणखी एक अंग होते. तिच्यावर काही लिहिलेले असे. ग्रामोफोनच्या काळी तबकडीच्या मध्यभागी गोल कागद चिकटवलेला असे आणि त्यावर गाण्याचे शब्द, गाणाऱ्याचे नाव, प्रकार छापलेला असे. नावाची ही काळजी भारतातल्या अगदी पहिल्या मुद्रणांपासूनची आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत. कारण व्यावहारिक होते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोवरला. तेथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे कसे? म्हणून गाणारीनेच सांगायचे, की ही मी. आज सव्वाशे वर्षांनंतर ती तबकडी ऐकताना गाण्याइतकेच ते नाव उच्चारणे अंगावर येते. शिक्के, करार, कागद सगळे हरवले तरी आवाज स्वतःची ओळख सांगतो आहे.

आणि हे आपल्याला नवे वाटण्याचे कारण नाही. गौहर जान यांच्या आधी सहाशे वर्षे मराठी कवींनी हेच केले होते. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ येते ते कशासाठी? त्याला भक्तिभावाचे आणि छंदाचे कारण आहेच. पण ज्या काळात रचना कागदाऐवजी कंठातून कंठात जात होती, त्या काळात कवीचे नाव टिकवण्याचा तो एकमेव खात्रीचा उपाय होता. गंगाखेड हे आमच्याच जिल्ह्यातले. तिथली जनाबाई म्हणजे दुसऱ्याच्या घरची दासी. तिच्या नावे ना जमीन, ना दानपत्र. तिचे नाव राहिले ते अभंगाच्या शेवटी तिने स्वतः गुंफले म्हणून. शाहिरांनी हीच नाममुद्रा उचलली. लावणी-पोवाड्यांत ती आहे. आणि आंबेडकरी जलशांतून, भीमगीतांतून ती थेट आपल्या काळापर्यंत आली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक गावोगाव पायपीट करीत हजारो गीते रचत-गात राहिले. त्यांच्या कितीतरी गीतांच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ भेटतो. ज्यांना छापखाना परका होता, त्यांनी आपली स्वाक्षरी गाण्याच्या आतच ठेवली.

आता डीजेवरचे गाणे ऐका. लॅपटॉपवर ‘एफएल स्टुडिओ’सारख्या प्रणालीत त्याचे ‘मिक्स’ होते. घेतात काय? ध्रुपद. फार तर पहिले कडवे. मग ठोका चढतो, गर्दी उसळते, पुन्हा ध्रुपद, पुन्हा ठोका. तिसरे-चौथे कडवे नाचायला उपयोगाचे नसते, म्हणून ते कापतात. आणि शाहिराचे नाव असते नेमके शेवटच्या कडव्यात! कापणाऱ्या मुलाच्या मनात पापाचा लवलेशही नसतो. त्याला फक्त पाच मिनिटांचे गाणे दोन मिनिटांत बसवायचे असते. परंतु सात शतकांपासून कवीचे नाव वाहून आणणारी जी जागा, तिच्यावरच कात्री पडते. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरेच नाव येते. गाण्याच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी घोगऱ्या, यांत्रिक आवाजात मिश्रण करणाऱ्या डीजेचे नाव घुमते. म्हणजे नाममुद्रेची गरज त्या मुलालाही कळली आहे. आपले गाणे कोणी चोरू नये, ते आपल्या नावाने ओळखले जावे, ही त्याची भूक अगदी शाहिराचीच भूक आहे. फक्त आपण कोणाच्या नावावर आपले नाव लिहितो आहोत, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

छापील सीडीचे महत्त्व येथे कळते. तिच्यावर गाणे पूर्ण असते, शेवटच्या कडव्यासह. आणि वेष्टनावर गीतकार, संगीतकार, गायक, साथीदार, कधी ध्वनिमुद्रणालयाचे गाव, अशी नावे असतात. मोठ्या कंपन्यांच्या गाण्यांची ही माहिती दहा ठिकाणी सापडते. तिच्यासाठी झरीच्या माळ्यावरचे खोके धुंडाळायला नको. माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या वेगळ्या तबकड्या. २००० नंतरच्या दशकात एखादा तालुक्याचा शाहीर, एखादे भजनी मंडळ, एखादी कव्वाली पार्टी पदरमोड करून जवळच्या शहरात मुद्रण करून येत असे. काही शे प्रती काढून त्या जयंतीच्या मेळाव्यात, यात्रेत, सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर किंवा नागपूरला दीक्षाभूमीवर पथारी टाकून विकत असे. असे गाणे पुन्हा कोणी छापलेले नाही. त्याचा संग्रह ग्रंथालयात नाही, विद्यापीठात नाही. ते असलेच तर एखाद्या डीजेवाल्याच्या काकाच्या खोक्यात आहे. नकळत का होईना, गावातला डीजेवाला हा गावाच्या गाण्यांचा अभिलेखपाल झालेला आहे.

मराठवाड्याच्या संदर्भात ही गोष्ट मला विशेष बोचते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधली जवळपास सोळा वर्षे येथल्या माणसांनी एका नावासाठी घरे जळताना पाहिली, तुरुंग सोसले, जीव दिले. त्या लढ्यात किती गाणी निर्माण झाली! रस्त्यावर, मोर्च्यात, वस्तीतल्या सभेत ती रचली गेली. पुढे काही कॅसेटवर गेली, काही सीडीवर. ज्या लढ्याचा गाभाच नाव हा होता, त्या लढ्याची गाणी आज निनावी वाजावीत, यापरता दैवदुर्विलास कोणता? १४ एप्रिलच्या रात्री हजारो तरुण ज्या ओळींवर नाचतात, त्या लिहिणाऱ्याची नातवंडे कदाचित त्याच गर्दीत असतील. आणि त्या ओळी आपल्या आजोबांच्या आहेत हे त्यांनाही ठाऊक नसेल.

यावर तीन आक्षेप येऊ शकतात. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की सीडीला इतके सोवळे का मानता? नाव पुसण्याचे काम तर तिनेच सुरू केले. हे खरे आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या एमपी३ सीडीत दीडशे-दीडशे गाणी असत आणि वेष्टनावर नट-नट्यांच्या चित्रांखाली गीतकाराला जागा नसे. संगणकावर मारलेल्या सीडीवर तर जाड पेनाने ‘भीमगीते-३’ किंवा ‘वरात स्पेशल’ एवढेच लिहिलेले असे. तेव्हा तबकडी या वस्तूची पूजा करावी, असे माझे म्हणणे नाही. मूल्य आहे ते तबकडीसोबत येणाऱ्या माहितीचे. उलट, आजच्या एमपी३ फाइलीतही गायक, संगीतकार, एवढेच काय गीतकार यांच्या नावांसाठी स्वतंत्र रकाने असतात. ही सोय नव्वदच्या दशकापासून आहे. आपण ते रकाने रिकामे ठेवतो, किंवा जिथून गाणे उतरवले त्या संकेतस्थळाचा पत्ता त्यांत राहू देतो. म्हणजे यंत्राने नावाला जागा ठेवली होती. ती भरण्याची सवय आपण सोडली.

दुसरा आक्षेप वर्गाचा आहे. प्राध्यापक मंडळींना पगार आहे. त्यांना जुन्या तबकड्यांचा गहिवर परवडतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या पोराने गर्दी नाचवायची की वेष्टने वाचायची? हा आक्षेप मला गंभीर वाटतो. डीजेच्या आवाजाचा त्रास, त्याने होणारी हृदयरोग्यांची आणि लहान मुलांची होरपळ, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची कायद्याची बंदी हे सर्व विषय महत्त्वाचे आहेत आणि त्या बाबतीत डीजेवाल्यांना झुकते माप देण्याचे कारण नाही. परंतु एकूण डीजे म्हणजे असंस्कृतपणा, असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. पुण्या-मुंबईच्या भावगीताला आकाशवाणीने पहिल्यापासून नाव दिले. ‘गीतकार अमुक, संगीतकार अमुक, गायिका अमुक’ असे निवेदकाने म्हटल्याशिवाय गाणे लागत नसे. गदिमांचे नाव कोणी विसरू शकले नाही, त्याला त्यांच्या प्रतिभेइतकेच हे निवेदनही कारण आहे. भीमगीताला, लोकगीताला असे निवेदन त्या मानाने फार थोडे लाभले. त्याला व्यासपीठ मिळाले ते रस्त्यावर, आणि ते दिले या मुलांनी. म्हणून तक्रार त्यांच्याकडेच करावी लागते. आपल्या माणसाकडेच माणूस तक्रार करतो.

तिसरा आक्षेप: लोकगीत हे मुळी लोकांचेच, नावाचा आग्रह कशाला? जात्यावरच्या ओवीला कर्ती नसते, आणि त्यातच तिचे मोठेपण आहे. ओवीपुरते हे मान्य. पण जो शाहीर आपले नाव शेवटच्या कडव्यात घालून गेला, त्याने निनावीपण पत्करलेले नाही; ते आपण त्याच्यावर लादतो. आणि हेही लक्षात घ्यावे, की निनावीपणाचे हे तत्त्वज्ञान गरिबांच्या गाण्यांनाच तत्परतेने लावले जाते. नामवंत कवीची कविता निनावी छापली, तर वृत्तपत्रांतून पत्रे येतात.

कायदा याबाबतीत काय म्हणतो, हेही पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली ५२-अ हे कलम आले. त्यानुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक झाले. म्हणजे जुन्या सीडीचे वेष्टन हा एक प्रकारचा दस्तऐवज आहे. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा सुरक्षित केला आणि गाणाऱ्याला आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क दिला. त्याच कायद्याने लग्नाच्या वरातीत किंवा धार्मिक समारंभात गाणे वाजवण्याला हक्कभंगातून सूट दिलेली आहे, आणि ती योग्यच आहे. नवरदेवाच्या बापाकडून वरातीतल्या गाण्याचे पैसे मागावेत, असे कोणीही म्हणणार नाही. पण या सुटीचा अर्थ एवढाच, की पैसे माफ आहेत. नाव माफ झालेले नाही.

मग डीजेवाल्याने करावे काय? वादकयंत्रात सीडी घालण्याचे दिवस गेले, ते गेले. माळ्यावरचे खोके मात्र रद्दीत घालू नये. त्यातले प्रत्येक वेष्टन दोन्ही बाजूंनी मोबाइलवर टिपून ठेवावे. तबकडीवरचे पूर्ण गाणे, न कापता आणि न गाळता, संगणकावर उतरवावे. फाइलीतल्या रकान्यांत वेष्टनावरची नावे टाकावीत. मिश्रण करायचे ते त्यानंतर, दुसऱ्या प्रतीवर खुशाल करावे. संगणकाला सीडीची खाच नसेल, तर बाहेरून जोडायचे यंत्र अजून मिळते, आणि गावातल्या चौघांनी मिळून एक घेतले तरी चालते.

हे लवकर व्हायला हवे. कारखान्यात छापलेल्या सीडीत माहिती साच्याने उमटवलेली असते, ती नीट ठेवली तर पुष्कळ टिकते. पण घरगुती मारलेल्या सीडीत ती रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते, आणि हे द्रव्य ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी विटत जाते. स्थानिक शाहिरांच्या थोड्या प्रतींच्या तबकड्या बहुतेक अशाच मारलेल्या. पत्र्याखालच्या माळ्यावर वीस उन्हाळे काढलेल्या त्या तबकड्यांतले किती गाणे आज शाबूत असेल, आणि आणखी पाच उन्हाळ्यांनी किती उरेल, याचा अंदाज कोणीही करावा.

या कामात डीजेवाल्याला एकटे सोडणे मात्र अन्यायाचे होईल. विद्यापीठांतून लोकवाङ्मयावर प्रबंध लिहिले जातात. त्यांतले बरेचसे ग्रंथालयात बसून, आधीच्या प्रबंधांवरून लिहिले जातात. आमच्या मराठी विभागांनी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेका गावाचे एकेक खोके नेमून दिले तर? गाणी ऐकावीत, संहिता उतरवावी, वेष्टनावरच्या नावांचा माग काढावा, शाहीर हयात असेल तर त्याला गाठावे, नसेल तर त्याच्या घरच्यांना. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड-संग्राहकांची एक संस्था जुन्या तबकड्यांच्या नोंदी जपत आली आहे. ग्रामोफोनच्या काळातले पुष्कळ काही तिच्यासारख्यांच्या हौसेमुळे वाचले. सीडीच्या काळातल्या खेड्यातल्या गाण्यांना असे हौशी अद्याप भेटलेले नाहीत. अभ्यासक्रमाच्या निमित्ताने का होईना, ते भेटावेत. आणि ज्या मुलाला आपण मागच्या बाकावर झोपलेला समजतो, तोच या प्रकल्पात आपला मार्गदर्शक ठरेल. कारण कोणत्या गावात कोणाकडे कोणते गाणे आहे, हे त्याच्याइतके आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे, आणि तिला पैसाही लागत नाही. ‘डिस्क जॉकी’ हा शब्द १९३० च्या दशकात अमेरिकेत जन्मला तो नभोवाणीवरच्या निवेदकासाठी. तबकडी लावण्याआधी जो तिच्याविषयी दोन शब्द बोलतो, तो डीजे. या अर्थाने अमीन सयानी हे आपले थोर डीजे होते, आणि आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून गीतकाराचे नाव सांगणारा निवेदकही. आजच्या डीजेवाल्याच्या हातात कर्ण्यांच्या भिंतीइतकाच मोठा ध्वनिक्षेपक असतो. त्यावरून तो नवरदेवाच्या मित्रांची, मंडळाच्या अध्यक्षांची, गल्लीतल्या भाऊंची नावे दहा वेळा पुकारतो. त्यात गाणे सुरू होण्याआधी एक वाक्य घालायला किती वेळ लागेल: हे गाणे अमक्या गावच्या अमक्या शाहिराचे. तबकडीवर जे लिहिलेले होते तेवढेच, मोठ्याने. एवढे केले तर त्याने सीडी बाळगली काय आणि न बाळगली काय, काही फरक पडणार नाही. तोवर मात्र ते माळ्यावरचे खोके त्याने टाकू नये, असे मला आग्रहाने वाटते.